बोटीच्या सौद्यात वाद: दावा लावायचा की लवाद नेमायचा?

कोकण किनाऱ्यावर बोटीच्या विक्रीतले जे वाद मी जवळून पाहिले, ते बहुतेक एकाच जागी अडले. बोट ताब्यात येते, रक्कम जवळजवळ चुकती होते आणि मासेमारीचा परवाना नावावर करून द्यायची वेळ आली की विकणारा सहीला टाळाटाळ करू लागतो. कारण उघड आहे. इंजिन, सांगाडा पैसे टाकून मिळतो, परवाना मिळत नाही. पर्ससीनवर (माशांच्या थव्याला वेढा घालून पकडणारं मोठं जाळं) 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने निर्बंध आले, तेव्हापासून त्या बोटींच्या बाबतीत तर खरी किंमत कागदाचीच आहे. कागद जुन्या मालकाच्या नावावर राहिला की सवलतीच्या डिझेलचा कोटाही त्याच्याच नावावर राहतो.

मी एका बोटीसाठी दिवाणी दावा लढलो आणि दुसऱ्या बोटीच्या वेळी करारातल्या कलमाप्रमाणे लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या पंचाकडे गेलो.

न्यायालयाची बाजू कमकुवत नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली (ठरलेला करार पाळायला लावण्याचा कायदा) करार पुरा करून घेणं पूर्वीइतकं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही. बोटीवर बँकेचं कर्ज असेल किंवा विकणाऱ्याने तीच बोट आणखी कुणाला विकली असेल, तर माझ्या मते न्यायालयाला पर्याय नाही. लवादाचा निवाडा, म्हणजे त्याचा अंतिम निर्णय, करारावर सही करणाऱ्यांना बांधतो, तिसऱ्याला सहसा नाही. 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याने (जहाजं-बोटींवरच्या दाव्यांचा कायदा) विक्रीच्या वादातही उच्च न्यायालयाकडून बोट अडकवून ठेवता येते, पण मुंबईला जाऊन तो खर्च करणं मोठ्या रकमेच्या बोटीलाच परवडावं.

माझं मन फिरलं ते ‘जैसे थे’च्या हुकमामुळे, म्हणजे निकालापर्यंत सगळं आहे तसंच ठेवा या आदेशामुळे. जमिनीच्या दाव्यात हा हुकूम मिळाला की वकील अभिनंदन करतात, कारण जमीन पडून राहिली तरी जमीनच राहते. बोटीचं तसं नाही. लाकडी बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. खाऱ्या हवेत वायरिंग आणि इंजिन गंजतं. खलाशांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, आणि बोट निघणार की नाही हेच ठाऊक नसेल तर तांडेल (बोटीचा प्रमुख) दुसरीकडे बोलणी करतो. पावसाळी बंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत, म्हणजे ऑगस्ट उजाडायच्या आत अंतरिम अर्जाचा, म्हणजे दावा चालू असतानाच्या तात्पुरत्या आदेशासाठीच्या अर्जाचा निकाल हवा. आमच्या दाव्यात तारखा पडत गेल्या आणि हंगामाची सुरुवात हातची गेली. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. न्यायालयाचं कॅलेंडर वेगळं, समुद्राचं वेगळं.

लवादाकडे हीच गोष्ट निराळी झाली. 1996 च्या लवाद कायद्याच्या कलम 17 खाली लवादालाही अंतरिम आदेश देता येतो. आमच्या लवादाने बोट चालू ठेवायला सांगितली: मी चालवायची, खर्च वजा जाता उरेल ते वादाचा निकाल लागेपर्यंत संयुक्त खात्यात ठेवायचं. दोन्ही बाजूंची निवेदनं पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यावा लागतो, संमतीने आणखी 6 महिने मिळतात. निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखीच होते. लवादाची फी मात्र खिशातून जाते, आणि कलम 34 खाली निवाड्याला आव्हान दिलं गेलं तर शेवटी न्यायालयाची पायरी चढावी लागते. ज्याची बोट लहान, त्याला ही फी नक्कीच टोचेल.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. परवाना द्यायचा की नाही, हे 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खातंच ठरवतं. विकणाऱ्याला अर्जावर सही करायला लावणं, तिथपर्यंतच न्यायालय किंवा लवाद आपल्याला नेतो.

मला निवड पुन्हा करायची झाली आणि बँक किंवा तिसरा माणूस मध्ये नसेल, तर मी लवादाकडेच झुकेन. इसार देण्याआधी करारात दोन ओळी घालून घ्याव्यात: वाद झाल्यास लवाद कुठे बसेल, आणि तोवर बोट कोण चालवेल. करारात कलम नसेल तर वाद सुरू झाल्यावरही दोघांच्या लेखी संमतीने लवाद नेमता येतो. समोरचा तयार नसेल आणि दावाच लावावा लागला, तर अंतरिम अर्जात ‘जैसे थे’ मागू नका. हिशेब न्यायालयात भरण्याच्या अटीवर बोट चालवू द्यावी, अशी मागणी पहिल्याच अर्जात वकिलाकडून लिहून घ्या.