रंगाखालचा पातळ पाइप : शेडच्या कामातील फसवणुकीचा अनुभव

मखमलाबादला आमच्या घरामागे द्राक्षांचे क्रेट ठेवण्याची जुनी पत्र्याची शेड होती. तिचा गंजलेला सांगाडा बदलून तेथे वेल्डिंग व सुतारकामासाठी लहानसे वर्कशॉप उभारण्याचे काम मी एका फॅब्रिकेटरला चौरस फुटाच्या दराने दिले. कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला, जड वस्तू उचलण्याची चेनपुली टांगायची आहे, हे त्याला आधीच सांगितले होते.

50 बाय 50 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा चौकोनी पाइप वापरायचे बोलण्यात ठरले. कोटेशनवर मात्र त्याने जाडीच्या जागी ‘हेवी’ एवढेच लिहिले. खांब आणि कैच्या त्याच्याकडूनच तयार होऊन आल्या, त्याही रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारलेल्या आणि पाइपांची तोंडे पट्टी जोडून बंद केलेल्या. पाणी शिरून आतून गंज चढू नये म्हणून तोंडे बंद करण्याची रीतच आहे, आणि नेमक्या त्या रीतीच्या आड जाडी लपली.

पुढे खिडकीसाठी एक आडवा पाइप कापावा लागला. कापलेल्या तोंडाला व्हर्निअर हे बारीक माप घेण्याचे साधन लावले, तर जाडी 1.2 मिलिमीटर भरली. या मापाचा 2 मिलिमीटर जाडीचा 6 मीटर लांब पाइप सुमारे 18 किलो भरतो, तर 1.2 मिलिमीटरचा जेमतेम 11 किलो. म्हणजे प्रत्येक नगामागे जवळजवळ 7 किलो लोखंड त्याने वाचवले होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही पाइप सारखेच दिसतात. जाब विचारला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “काका, भाव फुटावर ठरला होता, वजनावर नाही. पाइप 50 बाय 50चाच आहे, मोजून घ्या.” उत्तर तयारच होते, असा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला गेला असेल, असे वाटत नाही.

वायरिंगही त्याच्याच माणसाने केले होते. तपासून घेतल्यावर कळले की 16 अँपिअरच्या सॉकेटमधील अर्थिंगची वायर पुढे कशालाच जोडलेली नव्हती. वेल्डिंग मशीन चालवायच्या जागी हा हलगर्जीपणा जिवावर बेतू शकतो, म्हणून ते काम मी लगेच दुसऱ्याकडून करून घेतले.

कोटेशनवर पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये आणि एकूण वजन किलोमध्ये लिहून घ्यावे, माल रंगवण्यापूर्वी उघड्या तोंडाशी मोजावा आणि वजनकाट्याची पावती हाती आल्यावरच पुढचा हप्ता द्यावा. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे. मला त्याने कच्ची पावती दिली होती. पैसे यूपीआयने दिल्यामुळे निदान तेवढा पुरावा उरला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही; 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी माहिती घेता येते. मी त्याला लेखी नोटीस पाठवली आहे. चेनपुलीसाठी आता वेगळी चौकट उभारतो आहे आणि तिचे पाइप बिनरंगाचे मागवले आहेत.