गर्लबॉस बघू की हाऊ टू मेक इट इन अमेरिका?

दोन्ही सिरीज बंद पडल्यात, त्यामुळे पुढचा सीझन वगैरे विसरूनच बसा. हाऊ टू एचबीओने 2010 आणि 2011 मध्ये दोन सीझन दाखवून गुंडाळली, एकूण 16 भाग. गर्लबॉस तर नेटफ्लिक्सने एप्रिल 2017 मध्ये आणली आणि जूनमध्ये बंद केल्याचं सांगून पण टाकलं, 13 भागात खेळ खल्लास. दोन्हीत गोष्ट तीच, खिशात दमडी नसलेली पोरं कपड्याचा धंदा काढतात. मी दोन्ही पूर्ण बघितल्यात आणि त्यातली एक दोनदा, कुठली ते कळेलच पुढे.

गर्लबॉस सुरू करायला सोपी आहे. 2006 सालचं सॅन फ्रान्सिस्को, नायिका सोफियाला जुन्या कपड्यांच्या दुकानात एक लेदर जॅकेट सापडतं, ती घासाघीस करून ते 9 डॉलरला उचलते आणि इबेवर तेच सहाशेच्या वर जातं. बोली वर चढताना स्क्रीनला डोळे लावून बसणं, एका खराब फीडबॅकच्या भीतीने जीव टांगणीला लागणं, हे ज्याने कधी ऑनलाइन चार वस्तू विकल्यात त्याला लगेच पटेल. जुने कपडे विकणाऱ्या बाकीच्या लोकांचा एक ऑनलाइन कट्टा असतो, ते सगळे आपापल्या घरी बसून टाइप करतायत पण दाखवताना त्यांना एकत्र बसवलंय आणि प्रत्येकजण आपली पोस्ट तोंडाने बोलतो, ती आयडिया मला फार आवडली. शेजारी म्हणून रुपॉल, तो अमेरिकेतला प्रसिद्ध ड्रॅग कलाकार, आहे, तो आला की मजा येते.

आता माझी अडचण. मी हे रात्री जेवणं उरकल्यावर बघायचो, आई शेजारच्या खोलीत झोपलेली असायची. सोफिया हळू काहीतरी पुटपुटते म्हणून मी टीव्हीचा आवाज 20 वर न्यायचो आणि पुढच्या क्षणाला ती जोरात किंचाळायची, की लगेच आवाज 8 वर. परत पुटपुट, परत 20. अर्धा तास बघायचं म्हणजे रिमोट हातातून खाली ठेवायची सोय नाही. तिसऱ्या की चौथ्या भागाला आतून आईचा आवाज आला, "कोण भांडतंय रे?" म्हटलं, कोण नाही, धंदा चाललाय. त्यानंतर मी इअरफोन लावायला लागलो पण मग तर ते थेट कानात. कदाचित माझ्या टीव्हीचा दोष असेल, नाही म्हणत नाही, पण दुसऱ्या सिरीजला मला एकदाही आवाज कमी करावा लागला नाही.

यावर विचार करता करता लक्षात आलं की मला किंचाळण्यापेक्षा दुसरंच काहीतरी खटकत होतं. मी आणि माझ्या मित्राने कॉलेज संपल्यावर इचलकरंजीत टी-शर्टचा उद्योग केला होता, तिरुपूरहून 200 प्लेन टी-शर्ट मागवले, इथे स्क्रीन प्रिंट करून घेतले, आणि पहिल्याच धुण्यात गळा असा सैल पडला की आत अजून एक माणूस मावेल. पैसे मामाचे, 40 हजार. त्या वर्षभरात मी कोणावर ओरडलो असेन तर शपथ. मामाचे पैसे द्यायचेत, प्रिंटवाल्याचे द्यायचेत, कुरियरवाला महिन्याने पैसे घेतो म्हणून त्याच्याशीही गोड बोलायचं. उधारी डोक्यावर असली की माणसाचा आवाज चढतच नाही हो. सोफिया मैत्रिणीवर, दुकानदारावर, सगळ्यांवर खेकसते आणि ते लोक फिरून परत तिच्याकडेच येतात, ते मला काही झेपलं नाही. त्यात ही कथा ज्या नॅस्टी गॅल कंपनीवर बेतलेली आहे तिने नोव्हेंबर 2016 मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि नंतर बूहू या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या ब्रिटिश कंपनीने तिचा ब्रँड 2 कोटी डॉलरला घेतला. म्हणजे सिरीज आली तेव्हा कंपनी आधीच बसली होती, आणि आपण मात्र ती उभी कशी राहिली याचा जल्लोष बघतोय.

हाऊ टू मध्ये उलटं आहे, तिथे सगळ्यांच्या डोक्यावर देणं. न्यूयॉर्कमधले बेन आणि कॅम, बेन सुरुवातीला एका महागड्या दुकानात जीन्सच्या घड्या घालतो. यांच्या हाती जपानी डेनिमचा एक तागा लागतो, कुठून आला ते विचारायचं नाही अशातला माल, आणि क्रिस्प नावाचा ब्रँड काढायचं ठरतं. आणि कॅमचा नात्यातला मोठा भाऊ रेने नुकताच तुरुंगातून सुटलेला, त्याचे पैसे यांच्याकडे अडकलेत. लुईस गुझमानने हा रेने असा केलाय की तो काही न बोलता नुसता दारात उभा राहिला तरी पोटात गोळा येतो, आणि हाच माणूस स्वतः पण सरळ धंदा करायचा म्हणून रास्ता मॉन्स्टा नावाचं एनर्जी ड्रिंक घेऊन दुकानं हिंडतोय. बेन-कॅमपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी लागली.

त्या डेनिमबद्दल एक गंमत. सेल्व्हेज सेल्व्हेज म्हणून जगभर ज्याचं कौतुक चालतं ती कापडाची बंद किनार म्हणजे शटलच्या मागावर धोटा परत फिरला की आपोआप बनते ती. आमच्या इचलकरंजीत तसलेच माग लोक भंगारात घालून नवीन बसवतात आणि तिकडे जीन्सचा पाय दुमडून ती किनार मुद्दाम दाखवतात.

दोष आहेत, लपवत नाही. पार्ट्या फार. दर दुसऱ्या भागात पोरं कुठल्या तरी क्लबच्या दारात, आणि धंदा तेवढा वेळ बाजूला. बेनच्या जुन्या मैत्रिणीचं, रेचलचं प्रकरण रेंगाळतं, बायकांच्या वाट्याला एकूणच फार काही नाही. त्या बाबतीत गर्लबॉस बरीच पुढे आहे, सोफिया आणि ॲनीची मैत्री हा तिथला खरा जीव. शिवाय गर्लबॉस वेबसाइट सुरू होण्यापाशी थांबते म्हणून पूर्ण झाल्यासारखी तरी वाटते, हाऊ टू मात्र जेवताना ताट ओढून घ्यावं तशी संपते. अर्धवट गोष्टीने ज्यांची झोप उडते त्यांनी गर्लबॉसच बघावी, आणि रविवारी एका बैठकीत काहीतरी उरकायचं असेल तरी तीच. बाकी आवडीनिवडीचा प्रश्न आहे, पण ज्यांनी घरातल्या कोणाकडून तरी पैसे घेऊन काही सुरू केलंय त्यांनी एकदा हाऊ टूचे पहिले तीन भाग बघा एवढंच म्हणेन.

मामाचे 6 हजार अजून बाकी आहेत. मागच्या महिन्यात मी परत पहिल्यापासून लावली तेव्हा आई भाजी निवडत तिथेच बसली होती, तिला इंग्रजी कळत नाही. रेने आला तशी मान वर न करता म्हणाली, "हा पैसे मागायला आलाय ना?"