६००० की ८०००? डीडीआर५ रॅम घेण्याआधीचा हिशेब

नवा पीसी जुळवताना प्रोसेसर ठरतो, ग्राफिक्स कार्ड ठरतं आणि गाडी रॅमपाशी अडते. समोर दोन किट (रॅमच्या स्टिकची जोडी) असतात: डीडीआर५-६००० सीएल३० आणि डीडीआर५-८००० सीएल३८. पहिला आकडा वेगाचा, सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो त्याचा; सीएल म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारे क्लॉकचे ठोके. मोठा आकडा दिसला की मन तिकडेच धावतं. माझंही धावलं होतं.

आधी साधं गणित. सीएलला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या वेगाने भागायचं. उत्तर नॅनोसेकंदात येतं. ६००० सीएल३० चे होतात १०, ८००० सीएल३८ चे ९.५. म्हणजे प्रतिसादात फरक अर्ध्या नॅनोसेकंदाचा. बँडविड्थमध्ये, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्यात, मात्र अंतर मोठं आहे. दोन स्टिक लावल्या की कागदावर ६००० ला सेकंदाला ९६ जीबी मिळतात, ८००० ला १२८.

हे १२८ जीबी प्रोसेसरपर्यंत पोहोचतात का, यावर सगळं अवलंबून आहे. एएमडी रायझन ७००० आणि ९००० मध्ये बहुधा पोहोचत नाहीत. सहा किंवा आठ कोअरच्या रायझनमध्ये सगळे कोअर एकाच चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर) असतात. रॅमची ये-जा सांभाळणाऱ्या मेमरी कंट्रोलरकडून तिथे जाणारी वाट, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिक, २००० मेगाहर्ट्झवर वाचताना सेकंदाला ६४ जीबीच नेते. ६००० चे ९६ सुद्धा तिथे मावत नाहीत, मग १२८ घेऊन करायचं काय? शिवाय ६००० वर मेमरी आणि तिचा कंट्रोलर एकाच तालात, ३००० मेगाहर्ट्झवर चालतात (क्लॉकच्या दर ठोक्याला डेटा दोनदा जातो, म्हणून ६००० चे निम्मे). नशीबवान चिप हा ताल ६४०० पर्यंत टिकवते. त्यापुढे कंट्रोलर निम्म्या वेगावर आणावा लागतो आणि ८००० वर जे कमावलं, त्यातलं बरंच इथे गमावलं जातं. जास्त कॅशेचा रायझन, म्हणजे एक्सथ्रीडी चिप असेल तर ती मोठी कॅशे (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) रॅमची गरजच कमी करते. तिथे ८००० चा किट घेणं मला तरी हौसच वाटते.

इंटेलचं गणित वेगळं. तिथे डीडीआर५ साठी कंट्रोलर एरवीही निम्म्या वेगावरच चालतो, त्यामुळे वर जाताना अशी पायरी आडवी येत नाही. १३व्या-१४व्या पिढीवर ७२०० हा समंजस टप्पा आहे. ८००० हवं असेल तर दोनच रॅम स्लॉट असलेला मदरबोर्ड बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर ते जमलं तर नशीब. कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी सीयूडीआयएमएम प्रकारचे किट मिळतात. त्यांच्या स्टिकवरच क्लॉक सिग्नल ताजा करणारी चिप असते, म्हणून ८००० तिथे बरंच सोपं जातं.

एएमडीच्या बाजूला ८००० चा खरा उपयोग मला एकाच ठिकाणी दिसतो: वेगळं ग्राफिक्स कार्ड न लावता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणार असाल तर. ते ग्राफिक्स बँडविड्थसाठी कायम भुकेलेलं असतं.

खोक्यावर लिहिलेला वेग ही हमी नव्हे, हे अनेकजण विसरतात. रायझन ९००० चा रॅमसाठीचा अधिकृत वेग ५६०० आहे, ७००० चा ५२००. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे किटमध्येच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग, चालू केली की ते ओव्हरक्लॉकिंगच झालं. प्रमाणित १.१ व्होल्टऐवजी किट १.३५ ते १.४५ व्होल्ट घेतो. २०२३ मध्ये काही रायझन ७००० चिप जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. ती मर्यादा हाताने ओलांडू नका.

आता तिसरा पर्याय, आणि माझा कौल याला. ६००० चाच किट घ्यायचा, शक्यतो हायनिक्स या कंपनीच्या मेमरी चिपचा, आणि दुय्यम टायमिंग (सीएलखेरीज रॅमच्या कामांच्या वेळा ठरवणारे बाकीचे आकडे) स्वतः बसवायचे. सुरुवात टीरेफीपासून, म्हणजे रॅम ताजी करण्याच्या दोन वेळांमधल्या अंतरापासून करा. रॅममधला विद्युतभार गळत असतो, तो दर ३.९ मायक्रोसेकंदांनी ताजा करावा लागतो आणि तेवढा वेळ काम थांबतं. ६००० वर हे अंतर ११,७०० ठोके येतं. बायोसमध्ये ते ६५,५३५ पर्यंत नेता येतं. थांबे कमी, वेग जास्त. पण तापलेल्या रॅममधून भार लवकर गळतो आणि ग्राफिक्स कार्डची गरम हवा नेमकी तिथेच जाते. म्हणून एकदम टोक गाठू नका, ३०,००० च्या आसपास थांबून बघा. याच्या जोडीला टीआरएफसी, म्हणजे एकदा ताजं करायला लागणारा वेळ, थोडाथोडा खाली आणा.

चाचणीत आळस नको. मी एकदा ६४०० वर आठवडाभर निवांत गेम खेळलो आणि मग एक मोठी झिप फाइल उघडेना. तीन वेळा डाउनलोड केली, इंटरनेटला शिव्या घातल्या. दोष रॅमचा होता. डीडीआर५ ची चिप आतल्या आत एका बिटची चूक दुरुस्त करते, पण स्टिक ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका तिला दिसत नाहीत. टीएम५ किंवा कार्हू हे रॅम तपासणारे प्रोग्राम रात्रभर चालवा, आणि गेम खेळताना केस तापते तशी तापवूनही एकदा चालवा.

६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोनच स्टिक घ्या. चारही स्लॉट भरले की रायझन ७००० चा अधिकृत वेग ३६०० वर येतो, मग खोक्यावर ६००० असो की ८०००.