लंडन ते न्यू यॉर्क: जम्बो की काँकॉर्ड?

हा प्रवास मी दोन्ही विमानांनी केलाय: जम्बो म्हणजे अवाढव्य बोइंग ७४७, आणि काँकॉर्ड म्हणजे आवाजापेक्षा वेगानं उडणारं प्रवासी विमान. जम्बोला जवळपास आठ तास लागत, काँकॉर्डला साडेतीन. काँकॉर्डनं सकाळी साडेदहाला लंडन सोडलं की पोचताना न्यू यॉर्कच्या घड्याळात जेमतेम साडेनऊ झालेले असत!

ऐसपैसपणात जम्बोच सरस, तिकीटही आवाक्यातलं. काँकॉर्डमध्ये शंभरच आसनं, दोन-दोनच्या रांगा, छत खाली आलेलं, खिडकी तळहाताएवढी.

पण त्या खिडकीतून जे दिसलं ते जम्बोतून कधीच दिसलं नाही. १८ किलोमीटर उंचीवर भरदिवसा आभाळ गर्द जांभळट निळं आणि क्षितिजाला किंचित बाक. समोरच्या फलकावर माक २ चा, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाचा, आकडा आला तेव्हा कपातली कॉफी हललीसुद्धा नाही. मी काचेवर हात ठेवला तर ती चक्क कोमट! बाहेर उणे पन्नासच्या खाली थंडी, पण त्या वेगामुळे विमानाचं अंग इतकं तापे की ते काही इंच लांबत असे.

निवांत झोपून जायचं तर जम्बोच बरं होतं. मी मात्र ती अडचणीची खुर्चीच पुन्हा मागेन. ऑक्टोबर २००३ पासून ती मिळत नाही, याची हळहळ अजून वाटते.