शिकागो १८९३ ची जुनी थ्रीडी कार्डं आणि लाकडी व्ह्यूअर: घ्या, पण निवडून घ्या

शिकागोत १८९३ मध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याची ही कार्डं: एकाच दृश्याचे किंचित वेगळे दोन फोटो, व्ह्यूअरमधून बघितले की एक होऊन थ्रीडी दिसतात. आधीच सांगून टाकते, घ्यायला काहीच हरकत नाही, पण ज्या कार्डांवर सगळी ‘व्हाइट सिटी’, म्हणजे प्रदर्शनातल्या पांढऱ्या इमारती, एका फ्रेममध्ये दिसते आणि म्हणून दुकानदार ज्यांना सगळ्यात जास्त भाव लावतो ती सोडून बाकीची घ्या.

तर व्ह्यूअर. होम्स टाइपचा, म्हणजे खाली घडी होणारा दांडा, डोळ्यांना लावायला पत्र्याचं हूड, त्याच्या कडेला झिजून टक्कल पडलेलं मखमल, आणि पुढे लाकडी पट्टीवर मागेपुढे सरकणारा आडवा दांडका ज्याच्या तारांत कार्ड अडकवायचं. डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्सनी हे डिझाइन १८६१ च्या आसपास आणलं आणि पेटंट घेतलंच नाही, त्यामुळे मग ज्याला जमेल त्याने बनवला, आणि म्हणूनच इथे अमेरिकेत अँटिक दुकानांत अजून मिळतो. माझा आला तो मात्र बघताक्षणी डोकं धरणारा. दोन चित्रं काही केल्या एक होईनात, डोळ्यांतून पाणी. उघडून बघितलं तर डावं भिंग कुणीतरी पुसायला काढून उलटं बसवलेलं! यातली भिंगं एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असतात, जाड कड कानाच्या बाजूला पाहिजे, तरच दोन्ही चित्रं मध्ये येऊन एकावर एक बसतात. स्क्रू ड्रायव्हरने पाच मिनिटांत काम झालं, पण विकणाऱ्याने ‘एकदम वर्किंग कंडिशन’ लिहिलं होतं, म्हणजे त्याने स्वतः एकदाही बघितलं नव्हतं हे उघड आहे. दुकानात घेत असाल तर हूडमध्ये बोट घालून जाड कड चाचपून घ्या.

आता कार्डं. सगळी बी. डब्ल्यू. किलबर्न या फोटोग्राफरची, लिटलटन, न्यू हॅम्पशायर. साडेतीन बाय सात इंच, किंचित वाकवलेला जाड पुठ्ठा, त्यावर शेजारी शेजारी दोन फोटो. या प्रदर्शनाचे स्टिरिओ, म्हणजे असे जोडीचे, फोटो काढायचा हक्क किलबर्नने घेतला होता, बाकी अधिकृत फोटोग्राफी सी. डी. आर्नल्डकडे, आणि तुमच्याआमच्यासारख्या हौशी लोकांना छोटा हातातला कॅमेरा न्यायचा तर दिवसाला २ डॉलर, वर ट्रायपॉड बंद. प्रवेशाचं तिकीट ५० सेंट होतं हो! चार माणसं आत जातील एवढे पैसे नुसत्या कॅमेऱ्याला. त्यामुळे अख्ख्या जत्रेकडे थ्रीडीमध्ये बघायचं तर मुख्यतः याच माणसाच्या नजरेतून बघावं लागतं.

आणि इथेच माझी तक्रार. कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे प्रदर्शनाचा मुख्य चौक, त्याची कार्डं, मधलं पाणी, पलीकडे ६५ फुटी रिपब्लिकचा पुतळा, कडेने पांढऱ्या इमारती, सगळं कसं भव्य वाटेल म्हणून डोळ्याला लावलं तर साधं पोस्टकार्ड! कारण दोन लेन्समधलं अंतर डोळ्यांमधल्या अंतराएवढंच, अडीच इंच धरा, मग शे-दोनशे यार्डांवरची इमारत दोन्ही फोटोंत जवळजवळ सारखीच येणार, खोली येणार कुठून. शिवाय इमारती प्लॅस्टर आणि ज्यूटच्या मिश्रणाच्या, पांढऱ्याफेक, उन्हात तपशीलच उडून गेलेत. पण त्याच कोर्ट ऑफ ऑनरच्या ज्या कार्डात जवळ एक कठडा आलाय आणि कठड्याला टेकून एक बाई छत्री घेऊन उभी आहे, ते लावलं की आधी कठडा अंगावर येतो, मग बाई, मग तिच्यामागे पाण्याची मोकळी जागा, आणि मग कुठे तो पुतळा आपल्या जागी जाऊन उभा राहतो. छत्रीची काडी आणि बाईचा खांदा यांच्यामधली फट दिसते!

सगळ्यात भारी कार्ड म्हणजे उद्घाटनाच्या दिवसाची, १ मे १८९३ ची गर्दी. कार्डावर छापलेल्या नावाचा अर्थ ‘उसळलेला जनसागर’ असा. साध्या फोटोत ही नुसती टोप्यांची पेंड वाटते, व्ह्यूअरमध्ये एकेक टोपी सुटी होते. मी यात एवढा वेळ घालवला की नवऱ्याने विचारलं, कुणी ओळखीचं सापडलं का.

फेरिस व्हीलचं जवळून काढलेलं कार्ड मिळालं तर सोडू नका. २६४ फूट उंच, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, पण आकड्यांपेक्षा मजा अशी की ती खरं तर दोन चाकं आहेत आणि डबे त्यांच्यामध्ये टांगलेत, हे थ्रीडीत पटकन कळतं, नाहीतर नुसतं तारांचं जाळं. मिडवे, म्हणजे प्रदर्शनातला करमणुकीचा पट्टा, तिथल्या ‘गावां’ची कार्डंही खोलीच्या दृष्टीने चांगली आहेत, जावा, दाहोमी (पश्चिम आफ्रिका), कैरो स्ट्रीट वगैरे, पण जिवंत माणसं कुंपणात ठेवून दाखवलीत हे बघताना बरं वाटत नाही, आणि किलबर्नला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही.

आपल्या लोकांचा हमखास प्रश्न, विवेकानंद असतील का यात? माझ्या गठ्ठ्यात नाहीत. सर्वधर्म परिषद सप्टेंबरमध्ये भरली ती प्रदर्शन जिथे होतं त्या जॅक्सन पार्कात नाहीच, शहरात मिशिगन अव्हेन्यूवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. मुंबईहून गेलेले ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकरही तिथेच बोलले. त्यामुळे कुणी ‘विवेकानंदांच्या जत्रेची कार्डं’ म्हणून भाव वाढवला तर सरळ पुढे चला.

घेताना छोटं भिंग जवळ ठेवा. चित्रात ठिपकेच ठिपके दिसले तर ती नंतरची छापील स्वस्त कार्डं, खरा फोटो नाही. कडा कापलेलं कार्ड नको. पिवळे डाग चालतात, पण दोन्हीपैकी एकाच फोटोवर मोठा डाग असेल तर नको, तो हवेत तरंगताना दिसतो आणि सारखा त्रास देतो.

भारतात बसून खर्च करायचा नसेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर अशी स्कॅन केलेली कार्डं फुकट आहेत. डाउनलोड करून लॅबमधून सात इंच रुंदीची मॅट प्रिंट काढा, ग्लॉसी नको, चकाकते. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून बघा, कार्डाचा आडवा दांडका पुढेमागे केला की बहुतेकांना जमतं, आईला मात्र जाड नंबरमुळे जमलं नाही आणि तिने ‘मला दिसतंय’ म्हणून खुशाल थाप मारली.