एका दिवसाची रजा की पंधरा वर्षांची मोहीम?

स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एखाद्या गटाला आंदोलनाची पद्धत ठरवायची असेल, तर त्याने आइसलँड आणि अर्जेंटिना येथील चळवळी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सुचवीन.

२४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी, स्वयंपाक, मुलांचा सांभाळ अशी सगळी कामे दिवसभर थांबवली. मूळ कल्पना जहाल गटाची होती आणि त्यांना हा ‘संप’च हवा होता, परंतु त्या शब्दाला बिचकणाऱ्या स्त्रियाही सोबत याव्यात आणि मालकांना कामावरून काढण्याचे निमित्त मिळू नये, म्हणून ‘रजेचा दिवस’ हे सौम्य नाव स्वीकारले गेले. या आंदोलनातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला हाच वाटतो. त्या दिवशी कित्येक वडिलांना मुले घेऊन कामावर जावे लागले. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. तरीही २०२३ मध्ये वेतनातील तफावत आणि हिंसा यांविरुद्ध स्त्रियांना पुन्हा दिवसभराचा संप करावा लागला.

अर्जेंटिनातील वाट लांबची आहे. तिथे १९८६ पासून दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत स्त्रियांची राष्ट्रीय संमेलने भरत आली, आणि त्याच मुशीतून २००५ मध्ये कायदेशीर गर्भपाताची मोहीम उभी राहिली. तिचा हिरवा रुमाल हुकूमशाहीत बेपत्ता झालेल्या मुलांच्या मातांनी डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या रुमालाचा वारसा सांगतो. २०१५ मध्ये स्त्रीहत्यांविरुद्ध निघालेल्या प्रचंड मोर्चांनी या मोहिमेला नवी पिढी दिली. २०१८ मध्ये सिनेटने विधेयक ३८ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळले; ३० डिसेंबर २०२० रोजी त्याच सभागृहाने ३८ विरुद्ध २९ मतांनी कायदा संमत केला.

मागणी कायदा बदलण्याची असेल, तर मी अर्जेंटिनाची पद्धत निवडेन. आपला अनुभवही तिच्याच जवळचा आहे: देसाईगंज पोलीस ठाण्यातील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवल्यानंतर १९७९ मध्ये चार कायदे-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. बहुसंख्य कर्मचारी स्त्रियाच असलेल्या एखाद्या शाळेत किंवा रुग्णालयात आइसलँडची पद्धत अधिक परिणामकारक ठरेल. मात्र रोजंदारीवर जगणाऱ्या घरकामगार बाईला काम थांबवायला सांगण्यापूर्वी तिच्या त्या दिवसाच्या मजुरीची तजवीज गटाने आधी करायला हवी.