औसा रोडवरचं छोटं सलून, लेकराला घेऊन नक्की जा

लातूरला औसा रोडला दोनच खुर्च्यांचं एक सलून आहे. आमच्याकडं दीड वर्षापासून फॉस्टर केअरमधी, म्हणजे दत्तक नाही पण घरी सांभाळायला दिलेलं, 9 वर्षांचं पोरगं आहे, रंगानं काळं, केस एकदम कुरळे. आधीच्या एका दुकानात त्याच्या रंगावरून हसले होते, अन् बालगृहात तर एकाच दिवशी सगळ्यांच्या डोक्यावरून मशीन फिरायची, त्यामुळं खुर्चीत बसला की हा डोळे गच्च मिटून घेतो. इथल्या दादानी मशीन बाजूला ठेवली, हातात आरसा दिला अन् म्हणले, "कसे ठेवू रे राजा?" पोरगं माझ्याकडंच बघायलं, त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं हो!

इंग्लंडचे कवी लेम सिसे, 1967 चा जन्म, आई इथिओपियाची, लहानपणी गोऱ्या घरात दिले, नाव बदलून नॉर्मन झालं अन् 12व्या वर्षी त्याच घरानं बालगृहात सोडलं. लेकराला न विचारताच सगळं ठरलं, ते वाचल्यापासून असं साधं विचारणं मला लई मोठं वाटतं.

वरचे कुरळे तसेच ठेवले, बाजूनं कैचीनंच बारीक केले, अर्धा तास लागला पण घाई नाही केली. 80 रुपये. रविवारी गर्दी असते, मंगळवारी दुपारी जा.